खरी ईद कुठली?
अरबी शिकणाऱ्या मुलांना अरबांचे सण शिकवताना

२०२५ सालची रमजान ईद आपल्याकडे ३१ मार्चला, सोमवारी झाली. आदल्या दिवशी गुढीपाडवा होता. संध्याकाळी डोणगावच्या आमच्या गल्लीत शेजारच्या दारांवरच्या गुढ्या उतरत होत्या आणि आमची मुले गच्चीवर चढून चाँद शोधत होती. चाँद दिसला, मुबारकबाद झाली. घरातल्या बायकांचे हात सेवया, खोबरे, चारोळी आणि खजुरात गुंतले.

सकाळी ईदगाहवरून परतल्यावर शीरखुर्म्याच्या वाट्या फिरू लागल्या. आखातात नोकरी करणारा आमचा भाचा या वेळी सुटीवर आला होता. वाटी हातात घेत तो सहज म्हणाला, "फुफी, तिकडे हे शीरखुर्मा वगैरे काही नसतं. खरी ईद तिकडची. आपला सगळा हिंदुस्थानी थाट."

त्याने हे वाईट हेतूने म्हटले नव्हते. पण फुफीच्या हातातला डाव पातेल्यातच राहिला. त्या हळूच म्हणाल्या, "मग चाळीस वर्षं मी काय केलं रे?"

कोणी उत्तर दिले नाही. दुपारी अकरा वर्षांच्या धाकटीने मात्र आम्हाला गाठले. "आपली ईद खोटी आहे का?"

उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही चार घरची माणसे असरच्या नमाजनंतर गल्लीतल्या मुलांना थोडी अरबी शिकवतो. त्या वर्षी काय शिकवायचे, हे धाकटीच्या प्रश्नानेच ठरवून टाकले. वाचक बंधू-भगिनींनो, त्या महिन्याभरात जे शिकवले, आणि शिकवताना आम्हीच जे शिकलो, ते आपल्यापुढे ठेवत आहोत.

वाचता येते, समजत नाही

आमच्या वर्गातली बहुतेक मुले मकतबमध्ये कायदा संपवून कुरआन शरीफ नाजरा वाचणारी. अक्षरे ओळखतात, जेर-जबर चुकत नाहीत. पण ईदचा खुत्बा सुरू झाला की तीच मुले शेजाऱ्याच्या नव्या कुर्त्याकडे बघत बसतात. इतकी वर्षे अरबी वाचूनही ती भाषा त्यांच्यासाठी बोलकी झालेली नसते.

महाराष्ट्रात दहावी-बारावीच्या परीक्षेला अरबी हा भाषाविषय घेता येतो. तरीही लहान गावातल्या बहुतेक मुलांचा अरबीशी संबंध मकतबपुरताच राहतो. अशा मुलांना व्याकरणाची पोथी एकदम हातात दिली तर ती पळून जातात. सणाचे तसे नाही. सण मुलांना आधीच माहीत असतो, फक्त त्याला अरबीत काय म्हणतात ते सांगायचे असते.

पहिल्या दिवशी आम्ही विचारले, "आपण ईदला काय काय करतो?" मुलांनी भराभर सांगितले आणि आम्ही फळ्यावर लिहीत गेलो. रोजा, नमाज, ईदगाह, चाँद रात, ईदी, कुर्बानी, जुलूस. मग एकेका शब्दासमोर अरबी शब्द लिहिला.

मुलांना पहिला धक्का इथेच बसला. 'रोजा' आणि 'नमाज' हे दोन्ही शब्द फारसी आहेत. अरब माणूस रोजाला 'सौम' म्हणतो आणि नमाजला 'सलात'. 'ईदगाह'मधली ईद अरबी, पण 'गाह' फारसी. अरबीत ईदच्या नमाजच्या मैदानाला 'मुसल्ला' म्हणतात. चाँद रात म्हणजे 'लैलतुल ईद'. नवा चाँद तो 'हिलाल' आणि एरवीचा चंद्र 'कमर'. कुर्बानीच्या जनावराला 'उजहिया' म्हणतात. आपली 'ईदी' तिकडे 'ईदिया' होते, पण नोटा कोऱ्याच लागतात, यावर मुलांचे एकमत झाले.

सगळ्यात हशा पिकला तो 'जुलूस' या शब्दावर. आपला जुलूस रस्त्याने चालतो. अरबीत मात्र 'जुलूस' म्हणजे बसणे! राजा तख्तावर बसला तो जुलूस, त्या प्रसंगाची मिरवणूक निघाली तोही जुलूस, असा प्रवास करत शब्द आपल्याकडे आला आणि उठून चालू लागला. 'इजाजत'चेही तसेच. आपल्याकडे ती परवानगी. आजच्या अरबीत 'इजाजा' म्हणजे नोकरीतली रजा. भाचा 'इजाजा'वर आला होता, हे मुलांना लगेच समजले.

खरीप, रब्बी आणि फिरणारे महिने

आमचा भाग शेतीचा. सोयाबीन, कापूस, तूर, हरभरा ही नावे मुलांच्या तोंडात असतात. म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही विचारले, "खरीप आणि रब्बी हे शब्द कुठले?" कोणी म्हणाले मराठी, कोणी म्हणाले सरकारी. दोन्ही शब्द अरबी आहेत. 'खरीफ' म्हणजे शरद ऋतू आणि 'रबीअ' म्हणजे वसंत. जे पीक शरदात निघते ते खरीप, जे वसंतात निघते ते रब्बी. रबिउल अव्वल या महिन्याच्या नावातला 'रबीअ'ही हाच. तलाठ्याच्या नोंदीतला शब्द आणि प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांच्या जन्माच्या महिन्याचे नाव एकाच मुळाचे निघाल्यावर मुले चकित झाली.

मग एका मुलाने बरोबर शंका काढली. "रबीअ म्हणजे वसंत, तर रबिउल अव्वल कधी पावसाळ्यात, कधी हिवाळ्यात कसा येतो?"

या प्रश्नामुळे हिजरी वर्ष समजावणे सोपे झाले. चंद्राचे बारा महिने मिळून सुमारे ३५४ दिवस होतात. सौर वर्षापेक्षा ते सुमारे ११ दिवसांनी कमी. मराठी पंचांगात हा फरक भरून काढण्यासाठी साधारण तीन वर्षांनी अधिक महिना, म्हणजे धोंड्याचा महिना, घालतात. म्हणून दिवाळी दरवर्षी सुगीच्या सुमारासच येते. इस्लामपूर्व अरबांमध्येही महिने मागेपुढे सरकवण्याची 'नसी' नावाची प्रथा होती. सूरह तौबामध्ये महिन्यांची संख्या बारा सांगून ही प्रथा नाकारली आहे. तेव्हापासून महिन्यांची नावे ऋतूंची राहिली, पण महिने मोकळे झाले. रमजान या नावातही कडक उन्हाने तापण्याचा अर्थ आहे, तरी रमजान थंडीतही येतो. साधारण ३३ वर्षांत तो सगळे ऋतू फिरून येतो. १९९२ सालीही रमजान ईद एप्रिलच्या सुरुवातीलाच होती. घरातल्या वडीलधाऱ्यांना ती आठवते का, हे विचारून यायला आम्ही मुलांना सांगितले. दुसऱ्या दिवशी वर्ग नुसता गोष्टींनी भरला.

खुद्द 'ईद' हा शब्दही परत येण्याच्या अर्थाच्या धातूपासून आल्याचे अरबी कोशकार सांगतात. दरवर्षी परतून येते ती ईद.

तीन रकाने

तिसऱ्या दिवशी फळ्यावर तीन रकाने आखले. पहिला 'दीनचा', दुसरा 'अरब देशांचा', तिसरा 'आपला'. एकेक गोष्ट घ्यायची आणि ती कुठल्या रकान्यात बसते ते मुलांनी सांगायचे.

ईदची नमाज, तकबीर, सदका-ए-फित्र, ईदुल अजहाची कुर्बानी हे पहिल्या रकान्यात. मक्केत असो, मोरोक्कोत असो की डोणगावात, हे सगळीकडे आहे. शीरखुर्मा तिसऱ्या रकान्यात. मग दुसऱ्या रकान्यात काय? इथे मुलांना काहीच माहीत नव्हते. त्यांची समजूत अशी, की अरब जे करतात ते सगळे पहिल्याच रकान्यातले. भाच्याचीही चूक नेमकी हीच होती.

म्हणून आम्ही दुसरा रकाना सावकाश भरला. अरब लीगमध्ये २२ देश आहेत आणि प्रत्येकाची ईद वेगळी दिसते. इजिप्तमध्ये रमजानमध्ये 'फानूस', म्हणजे रंगीत कंदील, घराघरांत लागतात आणि रमजान ईदला वरून पिठीसाखर भुरभुरलेली 'कहक' नावाची बिस्किटे होतात. सीरिया, लेबनॉन, पॅलेस्टाइनमध्ये खजूर किंवा सुकामेवा भरलेले 'मामूल' करतात. इराकमध्ये खजुराचीच 'क्लेचा'. ओमानमध्ये मसाला लावलेले मांस पानांत गुंडाळून जमिनीतल्या भट्टीत पुरतात आणि एक-दोन दिवसांनी काढतात. त्याला 'शुवा' म्हणतात. एकेका भट्टीत अनेक घरांचे मांस शिजते. मोरोक्को, अल्जीरियात ईदुल अजहाला 'ईद कबीर', म्हणजे मोठी ईद, म्हणतात. आपण नाही का तिला बकरी ईद म्हणत?

मुलांसाठीचे सोहळेही आहेत. कुवेत, बहरीन, कतार या भागात रमजानच्या मध्यावर 'गरगीआन' असतो. मुले पारंपरिक कपडे घालून दारोदार गाणी म्हणत जातात आणि पिशवीत सुकामेवा, गोळ्या गोळा करतात. ओमानमध्ये याला 'करनकशूह' म्हणतात. संयुक्त अरब अमिरातीत असाच प्रकार शाबान महिन्याच्या मध्यावर होतो, त्याचे नाव 'हक अल-लैला'. आपल्या शब-ए-बारातचा हाच सुमार. हे ऐकून एका मुलीने विचारले, "म्हणजे कुवेतची ईदसुद्धा इजिप्तसारखी नसते?" नसते. अरबांची म्हणून एकच एक रीत नाही, हे तिला आमच्या सांगण्याआधीच कळले होते.

शुभेच्छांतून व्याकरण

मुबारकबाद देताना व्याकरण आपोआप येते. 'कुल्लु आमिन व अन्तुम बिखैर', म्हणजे दरवर्षी आपण खुशाल असा. समोर एक पुरुष असेल तर 'व अन्त', स्त्री असेल तर 'व अन्ति', अनेक असतील तर 'व अन्तुम'. मुलांनी दोन रांगा केल्या, कोणी अब्बा झाले, कोणी दादी, कोणी पाहुण्यांची टोळी. अर्ध्या तासात तिन्ही सर्वनामे पक्की झाली. 'ईदुकुम मुबारक'मधला 'कुम' म्हणजे 'तुमची'. 'तकब्बलल्लाहु मिन्ना व मिन्कुम', अल्लाह आमचे आणि तुमचे कबूल करो, ही सहाबांपासून चालत आलेली दुआ. तिच्यातही तोच 'कुम' मुलांनी स्वतः शोधून काढला. 'मिनल आइदीन वल फाइजीन' ही शुभेच्छाही अनेक अरब देशांत ऐकू येते. तिच्यातला 'आइदीन' म्हणजे परतणारे, ईदच्याच मुळाचा.

अरबांचा प्रत्येक सण धर्माचा नसतो

हा धडा आम्हाला सर्वात महत्त्वाचा वाटला. अरबीत 'ईद' हा शब्द फार मोकळेपणाने वापरतात. वाढदिवस म्हणजे 'ईद मीलाद'. २१ मार्चला अनेक अरब देशांत 'ईद अल-उम्म', म्हणजे मातृदिन, असतो. इजिप्तमध्ये तो १९५६ साली एका पत्रकाराच्या सूचनेवरून सुरू झाला. सौदी अरबचा राष्ट्रीय दिन २३ सप्टेंबर, १९३२ च्या एकीकरणाची आठवण. अमिरातीचा २ डिसेंबर, १९७१ च्या स्थापनेची आठवण. इजिप्तमध्ये वसंतात 'शम्म अन्-नसीम', म्हणजे वाऱ्याची झुळूक हुंगण्याचा दिवस, असतो. मुस्लिम आणि ख्रिस्ती दोघेही त्या दिवशी बागेत, नदीकाठी जातात, रंगवलेली अंडी आणि खारवलेले मासे खातात. अरबी ही ज्यांची मातृभाषा आहे असे लाखो ख्रिस्ती लोक आहेत आणि ७ जानेवारीला इजिप्तमध्ये कॉप्टिक ख्रिस्तजन्माची सरकारी सुटी असते, हेही मुलांना नवे होते.

आठवड्याची सुटीसुद्धा सगळीकडे सारखी नाही. सौदीत २०१३ पासून शुक्रवार-शनिवार. अमिरातीत २०२२ पासून शनिवार-रविवार आणि शुक्रवारी अर्धा दिवस काम.

काही बाबतींत उलेमांमध्ये मतभेद आहेत. इजिप्तमध्ये मीलादला साखरेच्या बाहुल्या विकल्या जातात, अनेक अरब देशांत त्या दिवशी सरकारी सुटी असते, सौदी आणि कतारमध्ये नसते. दहा मोहरमला कुठे रोजा असतो, कर्बलाकडे शोकाचे लोंढे निघतात, तर मोरोक्कोत मुलांना खेळणी आणि डफ मिळतात. अशा ठिकाणी आम्ही फक्त कुठे काय होते ते सांगितले. काय करावे, काय टाळावे, हे घरच्या वडीलधाऱ्यांना आणि आपल्या उलेमांना विचारायला सांगितले. भाषेच्या वर्गात भांडण आणायचे नाही, हा नियम आधीच केला होता.

आपला रकानाही मुलांनी हौसेने भरला. एकाने सैलानी बाबांची यात्रा लिहिली. होळीच्या सुमारास भरणारी आपल्या जिल्ह्याची ही यात्रा, जिथे सर्व धर्मांचे लोक येतात. तो विचारत होता, "ही अरबांना माहीत असेल का?" आम्ही म्हटले, "तूच सांग त्यांना. त्यासाठीच तर अरबी शिकतोस."

जे अरब इथलेच झाले

आपल्या शेजारच्या मराठवाड्यात चाऊस मंडळी आहेत. त्यांचे पूर्वज येमेनमधल्या हद्रमौतहून आले आणि निजामाच्या फौजेत राहिले. हैदराबादची बारकस वस्ती त्यांचीच. लग्नात वाजणारा मरफा त्यांच्याबरोबर दख्खनमध्ये रुजला. आमचा वऱ्हाडही १८५३ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात जाईपर्यंत निजामाच्याच अमलाखाली होता. आज त्यांच्या घरात दखनी आणि मराठी बोलतात. अरब इथे आले, इथल्या मातीत मिसळले, म्हणून त्यांची ईद खोटी झाली नाही. मग आपली कशी होईल?

खुद्द शीरखुर्मा पाहा. 'शीर' म्हणजे दूध, 'खुर्मा' म्हणजे खजूर, दोन्ही शब्द फारसी. खजूर अरबांच्या वाळवंटातला, दूध आपल्या गोठ्यातले. प्रेषित (सल्ल.) ईदुल फित्रला नमाजसाठी निघण्यापूर्वी खजूर खात असत, हे हदीसमध्ये आहे. फुफी चाळीस वर्षे सेवयांत खजूर घालत आल्या, त्यामागे कुठेतरी ही आठवण असावी असे आम्हाला वाटते.

हजरत अनस (रजि.) यांच्याकडून आलेली एक हदीस आम्ही वर्गात सांगितली. प्रेषित (सल्ल.) मदीनेत आले तेव्हा तिथले लोक वर्षातले दोन दिवस खेळण्या-बागडण्यात घालवत. आपण त्यांना सांगितले, की अल्लाहने त्याऐवजी याहून चांगले दोन दिवस तुम्हाला दिले आहेत, ईदुल अजहा आणि ईदुल फित्र. दुसरी हदीस हजरत आयशा (रजि.) यांची. ईदच्या दिवशी हबशी लोक मशिदीत भाल्यांचा खेळ खेळत होते आणि प्रेषितांनी (सल्ल.) तो आपल्या पत्नीला दाखवला. आफ्रिकेतून आलेल्या माणसांना त्यांच्या रीतीने ईदचा आनंद करू दिला गेला. धाकटीच्या प्रश्नाला याहून चांगले उत्तर आमच्याजवळ नव्हते.

घरी करण्यासारखे

ज्या घरांत मुले अरबी वाचतात, त्यांनी एवढे करून पाहावे. एका कागदावर हे तीन रकाने आखा आणि प्रत्येक सणाला दोन-दोन गोष्टी भरा. ईदच्या आधी खुत्ब्यात हमखास येणारे दहा शब्द मुलांना अर्थासह शिकवा आणि नमाजनंतर विचारा, किती ओळखू आले. कुटुंबातले कोणी आखातात असेल तर तिथल्या शेजाऱ्याच्या घरी ईदला काय होते ते विचारायला सांगा. १८ डिसेंबरला जागतिक अरबी भाषा दिन असतो. १९७३ मध्ये त्या दिवशी अरबी ही संयुक्त राष्ट्रांची अधिकृत भाषा झाली. त्या दिवशी मुलांकडून अरबीत एक शुभेच्छापत्र लिहून घ्या.

मे महिना सरला, वर्ग संपला. ईदुल अजहा आपल्याकडे ७ जूनला होती, तिकडे एक दिवस आधी. ६ जूनला सकाळी धाकटीने फुफींच्या फोनवरून भाच्याला आवाजी संदेश पाठवला. "कुल्लु आमिन व अन्त बिखैर, भाईजान." 'अन्त' बरोबर म्हटले म्हणून तिने आमच्याकडे विजयाने पाहिले.

तासाभराने उत्तर आले. आधी 'व अन्ति बिखैर'. मग थोडे थांबून, "फुफीला सांग, इथे आज सुटी आहे, खोलीवर आम्ही तिघेच आहोत. शीरखुर्मा इथे कोणी करत नाही. सेवया किती भाजायच्या, ते विचारून कळव."

फुफींनी फोन हातात घेतला, चष्मा लावला आणि सांगायला सुरुवात केली. खजूर आधी दुधात घालू नकोस, दूध नासतं, असे त्या पुन्हा पुन्हा बजावत होत्या.

अल्लाह आपल्या मुलांना कुरआनची भाषा समजण्याची तौफीक देवो, आणि घरच्या माणसांच्या हातच्या वाटीची कदरही देवो. आमीन.